राउटर अर्धवट चालू होत होता, फेलसेफने उठवला

घरचा राउटर ओपनडब्ल्यूआरटी या राउटरसाठीच्या मोफत फर्मवेअरवर (आतल्या मूळ सॉफ्टवेअरवर) चालतो. परवा दिवे लागत होते, पण वायफाय गायब आणि लॅपटॉपला आयपीच मिळेना. चार वेळा बंद-चालू करून काही होत नाही, हे कळायला वेळ लागत नाही.

मग फेलसेफ, म्हणजे साठवलेल्या सेटिंग्ज बाजूला ठेवून राउटर चालू करणारा दुरुस्तीचा मोड. लॅपटॉप केबलने लॅन पोर्टला जोडला आणि त्याला हाताने १९२.१६८.१.२ हा पत्ता दिला. या मोडमध्ये राउटर पत्ते वाटत नाही, म्हणून हे आधीच करायचं. राउटर चालू केला आणि दिवा लुकलुकायला लागताच रिसेट बटण दाबलं. लुकलुक एकदम वेगाने व्हायला लागली की काम झालं. बटण आधीपासून दाबून धरू नका. बऱ्याच राउटरमध्ये त्याने बूटलोडरची (चालू होताना सगळ्यात आधी चालणाऱ्या प्रोग्रामची) रिकव्हरी सुरू होते, ती वेगळी भानगड.

१९२.१६८.१.१ वर रूट नावाने एसएसएच केलं, म्हणजे लॅपटॉपवरून राउटरच्या कमांड लाइनवर शिरलो. पासवर्ड विचारतच नाही. 'माउंट_रूट' ही कमांड चालवून ओव्हरले, म्हणजे सेटिंग्ज आणि नंतर टाकलेली पॅकेजं साठतात तो भाग, जोडला आणि जागा पाहिली, तर तो शंभर टक्के भरलेला! जाहिराती अडवणाऱ्या पॅकेजच्या याद्या साठल्या होत्या. डिलीट करायला गेलो, तर तेही धड होईना. मग नेटवर्कची फाइल पडद्यावर उघडून पीपीपीओईचं (इंटरनेट कंपनीच्या लॉगिनचं) युजरनेम-पासवर्ड उतरवून घेतलं आणि 'फर्स्टबूट' ही कमांड दिली. तिने फक्त ओव्हरले पुसला जातो. मूळ फर्मवेअर स्क्वॉशएफएस या फक्त वाचता येणाऱ्या भागात असतं, त्याला धक्का लागत नाही.

रीबूटनंतर राउटर कोरा करकरीत. याद्या आता रॅममध्ये, टेम्प फोल्डरमध्येच उतरतात.