गरम झाल्यावर बंद पडणारी जुनी कार: बिघाड कसा शोधावा

सकाळी तक्रारीविना धावणारी जुनी कार्बोरेटरची गाडी दुपारी कन्नड घाट चढताना, किंवा पाचोऱ्याला चहासाठी थांबून पुन्हा निघताना बंद पडते, सेल्फ मारून मारून बॅटरी उतरायला येते आणि अर्ध्या तासाने तीच गाडी पहिल्या झटक्यात सुरू होते, ही तक्रार खानदेशात एप्रिल-मे महिन्यांत नेहमी ऐकू येते. गाडी गॅरेजपर्यंत पोहोचते तोवर इंजिन निवलेले असते, मेकॅनिकला दोष दिसत नाही आणि मग अंदाजाने प्लग, कॉईल (प्लगच्या ठिणगीसाठी जास्त व्होल्टेज तयार करणारा भाग), पेट्रोल पंप असे एकेक भाग बदलले जातात. या बिघाडाचा पुरावा गाडी बंद पडल्यानंतरच्या पहिल्या दहा-पंधरा मिनिटांतच मिळतो, त्यामुळे तपासणी रस्त्याच्या कडेलाच करावी लागते आणि तिची तयारी घरून निघतानाच ठेवावी लागते.

पुढील पद्धत मारुती 800 चे जुने कार्बोरेटर मॉडेल, प्रीमियर पद्मिनी, अॅम्बेसेडर अशा पेट्रोल गाड्यांसाठी आहे. इंजेक्शनच्या गाड्यांत पंप टाकीत असतो आणि पेट्रोल दाबाखाली राहते, म्हणून तेथे गरम झाल्यावर बंद पडण्याची कारणे बहुधा क्रँक सेन्सर किंवा रिले यांत सापडतात. त्यांची तपासणी वेगळी आहे.

सोबत काय असावे

प्लग पाना, एक चांगला जादा प्लग, 12 व्होल्टचा टेस्ट लॅम्प, इन्सुलेशन असलेली पक्कड, जाड सुती फडके आणि पाच लिटर पाणी एवढे पुरेसे आहे. शिवाय एक छोटी वही ठेवावी. गाडी कुठे बंद पडली, टाकीत पेट्रोल किती होते, तापमानाचा काटा कोठे होता आणि बंद पडताना गाडी कशी वागली, एवढे त्याच वेळी लिहून ठेवावे. यातील शेवटची नोंद सर्वांत मोलाची आहे. चावी फिरवून बंद केल्याप्रमाणे इंजिन एकदम थांबले असेल तर संशय करंटवर, म्हणजे प्लगला ठिणगी पुरवणाऱ्या यंत्रणेवर, घ्यावा. गचके देत, पिकअप हरवत, दम तोडत थांबले असेल तर पेट्रोलवर घ्यावा. हा नियम शंभर टक्के खरा नसला तरी कोठून सुरुवात करायची ते त्यावरून ठरते.

आधी करंट तपासा

गाडी बाजूला घ्यावी, हँडब्रेक लावावा, गिअर न्यूट्रलमध्ये ठेवावा आणि बॉनेट उघडावे. तापमानाचा काटा वर गेला असेल तर रेडिएटरचे झाकण कोणत्याही परिस्थितीत उघडू नये. उकळते पाणी अंगावर उडते. करंटची तपासणी नेहमी पेट्रोलच्या आधी करावी, कारण पेट्रोलची नळी सैल केल्यानंतर ठिणगी पाडणे धोक्याचे असते.

ठिणगी तपासताना इंजिनातील प्लग काढू नये. एका प्लगची वायर काढून ती जादा प्लगला लावावी, तो प्लग पकडीने धरून त्याचा धातूचा भाग कार्बोरेटरपासून दूर, इंजिनच्या स्वच्छ धातूवर घट्ट टेकवावा आणि सोबतच्या माणसाला सेल्फ मारायला सांगावे. निळसर, तडतड आवाज करणारी ठिणगी पडली तर करंट ठीक आहे. ठिणगी पिवळट व अशक्त असेल, किंवा मुळीच नसेल, तर शोध येथेच सुरू होतो. इलेक्ट्रॉनिक इग्निशनच्या गाडीत वायर मोकळी लोंबकळत ठेवून सेल्फ मारू नये, त्याने मॉड्यूल जळू शकते.

ठिणगी नसेल तर चावी चालू करून टेस्ट लॅम्प कॉईलच्या पॉझिटिव्ह टोकाला लावावा. दिवा लागला नाही तर फ्यूज, इग्निशन स्विच किंवा सैल कनेक्टर पाहावा. दिवा लागला तर तोच लॅम्प निगेटिव्ह टोकाला लावून सेल्फ मारावा. तेथे दिवा लुकलुकत असेल तर डेल्कोकडचे (प्रत्येक प्लगला ठिणगी वाटून देणाऱ्या डिस्ट्रिब्युटरचे) काम बहुधा ठीक आहे आणि दोष कॉईलमध्ये, मधल्या जाड वायरमध्ये, डेल्कोच्या टोपीत किंवा रोटरमध्ये असू शकतो. लुकलुकत नसेल तर पॉइंट आणि कंडेन्सर, किंवा इलेक्ट्रॉनिक गाडीत डेल्कोतील पिकअप (ठिणगीचा इशारा देणारा सेन्सर) व मॉड्यूल तपासावे. कॉईलवर संशय असल्यास तिच्या पत्र्यावर घट्ट पिळलेले ओले फडके ठेवावे, टोकांना मात्र पाणी लागू देऊ नये. काही मिनिटांत ठिणगी परतली तर कॉईल बदलावी. गरम झाल्यावर आतली तार तुटक होणाऱ्या कॉईलला दुरुस्ती नसते.

करंट आहे, तरी गाडी सुरू होत नाही

खानदेशाच्या उन्हाळ्यात खरा गुंता येथे असतो. जळगाव-भुसावळकडे पारा 45 अंशांच्या आसपास जातो, त्यात बॉनेटखालची उष्णता वेगळी. पेट्रोलमधील हलके घटक त्याहून कमी तापमानालाही वाफ होऊ लागतात. गाडी चालू असताना वारा आणि सतत येणारे ताजे पेट्रोल यांमुळे पंप थोडाफार थंड राहतो. इंजिन बंद केले की दोन्ही थांबतात आणि इंजिनची उष्णता पंपात व कार्बोरेटरमध्ये मुरते. म्हणून चहाच्या थांब्यानंतरचा त्रास घाटातल्या त्रासापेक्षाही जास्त असतो.

एअर फिल्टरचे झाकण काढावे, चावी बंद ठेवावी आणि कार्बोरेटरच्या तोंडात पाहत अॅक्सिलरेटरची तार हाताने ओढावी. आत पेट्रोलची बारीक पिचकारी उडाली तर कार्बोरेटरमध्ये पेट्रोल आहे. अशा वेळी पेट्रोलचा उग्र वास येत असेल आणि प्लग ओला निघत असेल तर कार्बोरेटरमधले पेट्रोल उकळून इंजिनात सांडले आहे, असे समजावे. पेडल न पंपता पूर्ण दाबून धरावे आणि पाच-सात सेकंद सेल्फ मारावा. जादा पेट्रोल हवेबरोबर निघून जाते. चोक मुळीच ओढू नये. वारंवार असे होत असेल तर फ्लोटची (कार्बोरेटरमधल्या पेट्रोलची पातळी राखणाऱ्या तरंगत्या भागाची) पातळी, नीडल व्हॉल्व्ह आणि कार्बोरेटरखालचा जाड इन्सुलेटर पाहावा. आधीच्या दुरुस्तीत हा इन्सुलेटर गहाळ होऊन त्याजागी नुसता कागदी गॅस्केट बसवलेला आढळतो, आणि मग कितीही ट्यूनिंग केले तरी उपयोग होत नाही.

पिचकारी उडाली नाही तर पेट्रोल पोहोचतच नाही. सर्वांत आधी टाकीचे झाकण उघडावे. आत हवा ओढली गेल्याचा ‘सुस्स’ आवाज आला आणि थोडा वेळ सेल्फ मारल्यावर गाडी सुरू झाली, तर टाकीची हवा येण्याची वाट बंद आहे. हे कारण इतके साधे आहे की ते कोणी तपासत नाही. आमच्या नात्यातील एका गाडीचा पंप आणि कार्बोरेटर दोन्ही नवे झाल्यावर दोष निघाला तो बाहेरून आणून बसवलेल्या, छिद्र नसलेल्या झाकणाचा.

झाकणाचा दोष नसेल तर पंपावर आणि पंपापर्यंतच्या धातूच्या नळीवर, माठाला गुंडाळतात तसे, ओले फडके गुंडाळावे. त्याने गाडी सुरू झाली तर नळीत वाफ धरते आहे. उपाय म्हणून नळी सायलेन्सरच्या पाइपपासून दूर घ्यावी, पंपाखालचा इन्सुलेटर जागेवर असल्याची खात्री करावी आणि टाकीकडे परत जाणारी नळी असल्यास ती कचऱ्याने बुजलेली नाही हे पाहावे. थंड इंजिनवरही पंप अशक्त ओढत असेल तर बहुधा त्याचा डायफ्राम (आतला लवचीक पडदा) गेला आहे. सध्याच्या पेट्रोलमध्ये इथेनॉलचे प्रमाण 20 टक्क्यांपर्यंत आहे आणि जुन्या गाड्यांचे रबर त्यासाठी बनवलेले नव्हते. म्हणून पंप उघडलाच आहे तर सर्व रबरी नळ्याही इथेनॉलला टिकणाऱ्या घ्याव्यात. चिरलेल्या नळीतून पेट्रोल गळू लागण्याआधीच ती हवा ओढते, हे बाहेरून दिसत नाही.

काटा वर जात असेल तर

वरची सगळी तपासणी व्यर्थ जाते, जर मुळात इंजिनच जादा तापत असेल. रेडिएटरचा फॅन योग्य वेळी फिरतो का ते पाहावे. जिनिंगच्या परिसरात आणि कापसाच्या वाहतुकीच्या रस्त्यांवर फिरणाऱ्या गाड्यांच्या रेडिएटरच्या जाळीत तंतू आणि धूळ यांचा थर बसतो. तो निवलेल्या इंजिनवर, आतून बाहेर, कमी दाबाच्या पाण्याने धुवावा. बोअरचे क्षारयुक्त पाणी रेडिएटरमध्ये वर्षानुवर्षे टाकले असेल तर आतून पांढरा थर धरलेला असतो. त्याऐवजी शुद्ध पाणी आणि कूलंट वापरावे. इंजिन तापू नये म्हणून थर्मोस्टॅट (तापमानानुसार पाण्याचा प्रवाह उघडणारी झडप) काढून टाकण्याचा सल्ला कोणी दिला तर तो मी तरी मानणार नाही.

गाडीला एलपीजी किट असेल आणि करंट, पेट्रोल, तापमान तिन्ही ठीक असूनही गरम इंजिन सुरू होत नसेल तर टॅपेटची गॅप (व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारा भाग यांतील फट) मोजून घ्यावी. गॅसवर चाललेल्या जुन्या इंजिनात व्हॉल्व्ह हळूहळू सीटमध्ये बसत जातात, गॅप संपते आणि गरम झाल्यावर व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाहीत. गाडीच्या मॅन्युअलमधील मापाप्रमाणे गॅप लावून घेणे हे अर्ध्या दिवसाचे काम आहे, आणि ते इंजिन उघडण्याआधी करावे.

दुरुस्ती झाल्यावर गाडी सकाळी चालवून पाहू नये. दुपारी दोनच्या उन्हात चाळीस-पन्नास किलोमीटर चालवावी, पंधरा मिनिटे बंद ठेवावी आणि मगच सेल्फ मारावा. एकदा सुरू झाली तरी दुसऱ्या दुपारी हाच प्रयोग पुन्हा करावा.