आउटबोर्ड मोटरचा एचपी वाढवताय? या चुका टाळा

आउटबोर्ड म्हणजे बोटीच्या मागच्या फळीवर लावायची मोटर. टू-स्ट्रोकच्या बऱ्याच मॉडेलांत ९.९ आणि १५ एचपीचा इंजिन ब्लॉक एकच असतो. हे कळलं की नवशिक्यांना राहवत नाही. कार्बोरेटरपुढची हवेची अडवणूक काढायची, जेट (पेट्रोल मोजून सोडणारं बारीक भोक) मात्र जुनाच ठेवायचा. हवा वाढली, पेट्रोल तेवढंच, म्हणजे मिश्रण पातळ. टू-स्ट्रोकमध्ये ऑइल पेट्रोलमधूनच जातं, त्यामुळे उष्णता वाढते आणि वंगणही कमी पडतं. बामणोलीच्या धक्क्यावरून निघताना मोटर मस्त पळते. मग फुल थ्रॉटलवर आवाज बारीक होतो, वेग पडतो आणि भर पाण्यात पिस्टन सीज होतो, म्हणजे अडकून बसतो. उघडून बघा, एक्झॉस्टच्या बाजूला पिस्टन उभा खरवडलेला असतो.

दुसरे जेटला ड्रिल मारतात. तेही नको. भोक वाकडं होतं, मूळ नंबर कायमचा जातो. १५ चा पूर्ण कार्बोरेटर त्याच्याच जेटसह घ्या. रीड (हवा-पेट्रोल आत घेणाऱ्या झडपा) किंवा एक्झॉस्टमध्ये फरक आहे का, हे दोन्ही मॉडेलांचे पार्ट नंबर ताडून बघा. नंतर मिनिटभर फुल थ्रॉटल द्या, तिथंच मोटर बंद करा आणि स्पार्क प्लग काढून बघा. बिस्किटी रंग बरोबर. पांढरा दिसला तर पुढं एक फेरीही मारू नका.

आणि मुळात एचपी कमी आहे की पंखा (प्रॉपेलर) चुकलाय? मालवणहून आणलेली मोटर शिवसागरावर, म्हणजे कोयना धरणाच्या जलाशयावर, मंद वाटणारच. धरण भरल्यावर पाणी समुद्रसपाटीपासून सुमारे ६६० मीटरवर असतं, विरळ हवेनं सहा-सात टक्के ताकद तिथंच जाते. नेहमीचं वजन भरून टॅकोमीटर (आरपीएम मोजायचं यंत्र) लावा. बहुतेक छोट्या मोटरींना ५००० ते ६००० आरपीएम लागतात, नेमका आकडा मॅन्युअलमध्ये बघा. कमी भरले तर पंख्याचा पिच (एका फेऱ्यात तो पुढं सरकायचं अंतर) एक इंच उतरवा, साधारण २०० आरपीएम वाढतात. सांगलीत पुरात दहा माणसं नेणाऱ्या बोटीला दोघांच्या बोटीचा पंखा चालत नाही. आधी पंखा बदला, मग पाना हातात घ्या.

थर्मोस्टॅट काढू नका.

हेड घासून कॉम्प्रेशन वाढवू नका, साध्या पेट्रोलवर ठोके येतात.

ऑइल ५०:१, म्हणजे लिटरला २० मिली. पिस्टनच्या नव्या रिंग टाकल्यावर सुरुवातीला लिटरला ४० मिली. बाटलीच्या झाकणानं अंदाजे ओतायचं नाही.

कॅव्हिटेशन प्लेट (पंख्याच्या लगेच वरची आडवी पट्टी) बोटीच्या तळाच्या रेषेत हवी. वर राहिली तर पंखा हवा ओढतो, मोटर नुसती किंचाळते.

बोटीच्या पाटीवर कमाल १० एचपी लिहिलंय? मग त्या बोटीवर १५ लावूच नका, मागची फळी तडकते.