हार्मोनच्या गोळीने सांधे धरलेत? व्यायाम असा सुरू करा

सकाळी कुकरचं झाकण फिरत नाही. दुधाची पिशवी कापायला कात्री घ्यावी तर तिच्या कड्यात बोट शिरत नाही. पलंगावरून उतरल्यावर पहिली दहा-पंधरा पावलं भिंतीला धरून टाकावी लागतात, मग कुठे गाडी सुरू होते. स्तनाच्या कर्करोगाचं ऑपरेशन, केमो, रेडिएशन उरकून हार्मोनची गोळी सुरू झालेल्या बायकांच्या या तक्रारी. आणि वर पुन्हा, "वय झालं आता, चालायचंच!"

वयाचा वाटा असेलही, पण बहुतेकदा हे गोळीचं काम असतं. लेट्रोझोल, अ‍ॅनास्ट्रोझोल, एक्झेमेस्टेन ही औषधं पाळी गेलेल्या बाईच्या शरीरात इस्ट्रोजेन जवळपास तयारच होऊ देत नाहीत. कर्करोगाची रसद तुटते, पण सांध्यांनाही त्याच इस्ट्रोजेनचा आधार असतो. ही गोळी घेणाऱ्या साधारण निम्म्या जणींना दुखणं जाणवतं, बऱ्याचदा पहिल्या दोन-तीन महिन्यांतच. गोळी मात्र निदान पाच वर्षं घ्यायची असते. दुखण्याला वैतागून ती परस्पर बंद करणाऱ्या काही कमी नाहीत, आणि खरा धोका तिथे आहे.

अशा दुखण्यावर व्यायाम चालतो का, हे अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या संशोधकांनी १२१ बायकांवर तपासलं. निष्कर्ष २०१५ मध्ये आले. वर्षभर आठवड्याला १५० मिनिटं चालण्यासारखा व्यायाम आणि दोनदा वजनाचा व्यायाम करणाऱ्या गटात सर्वांत जास्त दुखण्याची पातळी २९ टक्क्यांनी उतरली. हा व्यायाम न दिलेल्या दुसऱ्या गटात ती किंचित वाढलीच. गंमत म्हणजे व्यायाम करणाऱ्या बायकांनीही १५० मिनिटं गाठली नव्हती, आठवड्याला सरासरी दोन तासांच्या आसपासच झाले. तेव्हा एखादा दिवस चुकला म्हणून मनाला लावून घेऊ नका.

आधी डॉक्टरांना विचारा. कर्करोग हाडांत पसरलेला असेल, हाडांची घनता फार कमी असेल किंवा ऑपरेशनला थोडेच दिवस झाले असतील, तर खालचे व्यायाम तसेच्या तसे करायचे नाहीत. एकच सांधा लाल, गरम होऊन सुजला असेल किंवा पाठीत रात्री झोपमोड करणारी कळ येत असेल, तर आधी तपासणी.

सकाळी पलंगावरच सुरुवात. पांघरुणातच मुठी सावकाश मिटा, बोटं पूर्ण पसरा, असं दहा वेळा. मनगटं आणि घोटे गोल फिरवा. उठल्यावर कोमट पाण्यात हात पाच मिनिटं बुडवून तेच पुन्हा करा. त्यानंतर कुकरला हात घाला.

चाला, पण हिशोबाने. पहिल्या आठवड्यात रोज दहा मिनिटं पुरे. दर आठवड्याला पाच-पाच मिनिटं वाढवत अर्ध्या तासावर या. मैत्रिणीशी बोलता यावं, पण गाणं म्हणताना दम लागावा, एवढा वेग ठेवा. घरातली कामं करताना दिवसभर चालणं होतंच, हा युक्तिवाद इथे चालत नाही. ओटा ते फ्रिज यात वेग कुठला?

वजनाचा व्यायाम टाळू नका. नेमका हाच भाग बायका सोडून देतात. मांडीचे स्नायू बळकट झाले की गुडघ्यावरचा भार हलका होतो. आठवड्यातून दोनदा, मध्ये निदान एक दिवस सोडून:

- खुर्चीवरून हात न टेकता उठा आणि धपकन न बसता सावकाश बसा. जमत नसेल तर खुर्चीवर उशी ठेवून ती उंच करा.
- भिंतीपासून हातभर लांब उभं राहून, तळवे भिंतीला टेकवून दंड काढा.
- ओट्याला धरून टाचा उचला.
- अर्ध्या लिटरच्या पाण्याच्या बाटल्या हातात घेऊन कोपरातून वर-खाली करा.

प्रत्येक प्रकार आठ ते बारा वेळा. सुरुवातीला एकच फेरी, पुढे तीन. लागोपाठ दोन वेळच्या व्यायामात बारा-बारा सहज जमले की बाटली लिटरची घ्या. उचलताना श्वास सोडायचा, कोंडून धरायचा नाही.

ऑपरेशनच्या बाजूचा हात. या हाताने वजन उचलायचंच नाही असं पूर्वी सर्रास सांगत. हळूहळू वाढवलेलं वजन बहुतेकींना बाधत नाही, हे आता माहीत आहे. मात्र रोजच्या बांगड्या घट्ट व्हायला लागल्या किंवा हात जड वाटला, तर वजन थांबवा आणि दाखवून घ्या. हात आधीच सुजत असेल तर पहिले धडे फिजिओथेरपिस्टसमोरच घ्या.

किती दुखलं तर थांबायचं? स्नायू थोडे आंबणं ठीक. सांधा दुसऱ्या दिवशीही नेहमीपेक्षा जास्त ठणकत असेल, तर पुढच्या वेळी निम्मंच करा. पूर्ण बंद करू नका, सांधे पुन्हा आखडतात. रोज सकाळी कॅलेंडरवर शून्य ते दहामध्ये दुखण्याचा आकडा लिहा. फरक दिसायला आठवडे नव्हे, महिने लागतात.

दोन-तीन महिने नेमाने करूनही आकडा हलला नाही, तर ते कॅलेंडर घेऊन डॉक्टरांकडे जा. याच गटातली दुसरी गोळी काहींना मानवते. दुखण्यावर वेगळी औषधंही देता येतात. तोवर गोळी चालू ठेवा.