कन्नड माध्यमातल्या मुलांसोबत ‘झोंबी’ वाचताना

निपाणीहून कोल्हापूरला निघालं की वाटेतच कागल लागतं. आनंद यादव तिथले, जन्म १९३५ चा. शेतीच्या कामासाठी बापाने शाळेतून काढलेला हा मुलगा पुढे पुणे विद्यापीठात मराठीचा प्राध्यापक झाला. लहानपणीचा तो झगडा सांगणारी आत्मचरित्रात्मक कादंबरी म्हणजे १९८७ साली आलेलं ‘झोंबी’, १९९० चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेलं.

निपाणी-चिकोडीकडच्या मुलांना यातली बोली परकी नाही, घरातलीच आहे. अडतं ते लिपीपाशी. शाळा कन्नड, आणि देवनागरीची ओळख हिंदीच्या तासापुरती. म्हणून पुस्तक हातात देऊन ‘वाचा’ म्हणू नये. मोठ्याने वाचून दाखवावं.

सगळं पुस्तक घेऊ नका. आंदा, म्हणजे लहानपणीचे यादव, पुन्हा शाळेत जातो तेवढाच भाग तीन बैठकांत घ्या. बैठक चाळीस मिनिटांची, त्यात वाचन पंधराच मिनिटं. मिनिटाला शंभर शब्दांच्या वेगाने दीड हजार शब्द होतात. त्यापुढे मागच्या रांगेची चुळबुळ सुरू होते. निवेदन मोठ्या माणसाने वाचावं. आई, दादा (म्हणजे आंदाचा बाप), त्याला समजावणारे दत्ताजीराव आणि आंदा यांचे संवाद मुलांना द्यावेत.

ज्यांची देवनागरी अडखळते त्यांचे संवाद कन्नड लिपीत हाताने लिहून द्या. ‘ळ’ कन्नडमध्ये आहेच. घोळ दोन ठिकाणी होतो. कन्नडमध्ये शब्दाच्या शेवटच्या अक्षरातला अकार उच्चारतात, त्यामुळे ‘घर’ तसंच लिहिलं तर मूल ‘घरऽ’ म्हणतं. शेवटच्या अक्षराचा पाय मोडून लिहावं. दुसरं म्हणजे ‘चारा’तला च आणि ‘चहा’तला च यांना तिथे एकच अक्षर आहे. ‘जोंधळा’ आणि ‘जेवण’ यांचंही तेच. ‘चारा’, ‘जोंधळा’, ‘झोंबी’ अशा शब्दांत त्या अक्षराखाली लाल टिंब द्या आणि टिंबाचा अर्थ आधी सांगा.

‘न्हाई’, ‘कवा’, ‘व्हतं’ असं कुणी वाचलं तर दुरुस्त करू नका. शुद्ध करून वाचलं की या पुस्तकाचा जीवच जातो, आणि मुलाला वाटतं आपल्या घरात बोलतात ते चुकीचं.

पहिल्या बैठकीत हमखास एक गोष्ट बिघडते: सगळी पोरं बापावर उखडतात आणि चर्चा तिथेच संपते. गुऱ्हाळावर काम केलेल्या एखाद्या आजोबांना दहा मिनिटं बोलवा. ऊस जास्त दिवस रानात राहिला की रस दाट येतो, गूळ चांगला उतरतो. पण लवकर गाळला तर बाजारात आधी पोचून भाव मिळतो. आंदाच्या बापाचा ओढा या दुसऱ्या हिशेबाकडे. गुऱ्हाळ लवकर आटोपायचं म्हणून घरातला प्रत्येक हात त्याला कामाला हवा. हे कळलं की राग जरा शहाणा होतो. मात्र बापाला निर्दोष ठरवू नये. पोराला कामाला जुंपून तो स्वतः गावात हिंडायचा, हेही पुस्तकातच आहे.

दुसऱ्या बैठकीत बापाच्या अटी फळ्यावर लिहा: सकाळी अकरापर्यंत मळा, मग शाळा, सुटल्यावर तासभर गुरं, कामाची गर्दी असेल त्या दिवशी शाळा बंद. ‘तुमच्यापैकी कोण असं काम करतं?’ हा प्रश्न मात्र सर्वांसमोर विचारू नका. वर्गात तसं मूल असतंच, आणि ते त्या दिवसापासून यायचं थांबतं.

तिसरी बैठक सौंदलगेकर मास्तरांची. आडनाव ऐकताच मुलं आपल्या निपाणीजवळच्या सौंदलग्याचं नाव घेतात, घेऊ द्या. मास्तर कविता चालीवर, हावभावांसह शिकवत आणि आंदा त्याच चालीवर पिकाला पाणी देताना गायचा. कागद नसला की म्हशीच्या पाठीवर काटकीने नाहीतर दगडावर खड्याने ओळी लिहायचा. वाचन झालं की वह्या बंद करून मुलांना बाहेर काढा. फरशी आणि कोळसा द्या, चार ओळी पुरेत. यमकाची सक्ती नको. ओळीत कन्नड शब्द आला तर राहू द्या. आणि पुढं काय झालं असं विचारणारं एखादं पोर निघतंच, त्याच्यासाठी ‘नांगरणी’ आधीच वाचनालयातून काढून ठेवा.