रेडिएशनच्या आधी लाळग्रंथींसाठी काय करायचं आणि जीन थेरपीचं कधी विचारायचं

घरात कोणाला डोक्या-मानेच्या कॅन्सरसाठी रेडिएशन सांगितलं की आपण रात्री मोबाईल घेऊन शोधत बसतो आणि मग जीन थेरपीने, म्हणजे पेशींत जीन सोडून केलेल्या उपचाराने, लाळग्रंथी वाचतात असं कुठेतरी वाचायला मिळतं, जीवात जीव येतो. तर आधी हे समजून घ्या. रेडिएशनच्या आधीच जीन देऊन ग्रंथी वाचवायची, हे प्रयोग उंदरांवर आणि छोट्या जातीच्या डुकरांवर झालेत, केजीएफ, व्हीईजीएफ असे पेशी वाढवणारे घटक वापरून. त्यात हेही बघावं लागतं की असं काही दिलं आणि ट्यूमरलाच बळ मिळालं तर? माणसांवर जिची ट्रायल झालीये ती अ‍ॅक्वापोरिन-१ ची थेरपी (पेशीतून पाणी जायची वाट तयार करणारं प्रोटीन), आणि ती ग्रंथी बिघडल्यावर द्यायची आहे. म्हणून आत्ता हातात आहे ते आधी करा.

प्लॅनिंग चालू असतानाच रेडिएशनच्या डॉक्टरांना विचारा, दोन्ही पॅरोटिडला (कानांपुढच्या मोठ्या लाळग्रंथी) सरासरी किती ग्रे (रेडिएशन डोसचं माप) जाणार? साधारण धोरण असं की दोन्ही 25 ग्रेच्या खाली किंवा निदान एक तरी 20 च्या खाली ठेवायची. आयएमआरटी, म्हणजे किरणांची तीव्रता जागेनुसार कमी-जास्त करून आजूबाजूचा भाग वाचवणारी पद्धत, होणार का तेही विचाराच, कारण ब्रिटनच्या पार्स्पोर्ट ट्रायलमध्ये वर्षभरानंतर जास्त कोरड असलेले पेशंट जुन्या पद्धतीत 74 टक्के होते आणि आयएमआरटीत 38 टक्के. पण गाठ ज्या बाजूला आहे तिकडची ग्रंथी वाचवाच असा हट्ट धरू नका प्लीज, गाठीला पूर्ण डोस मिळणं सगळ्यात महत्त्वाचं.

दातांच्या डॉक्टरांकडे लगेच जा. काढायचे दात पहिल्या सिटिंगच्या दोन-तीन आठवडे आधी काढलेले बरे, जखम भरायला वेळ मिळतो, नंतर त्याच जबड्यातला दात काढला तर हाड भरून न येण्याची भीती असते.

आणि एक गोष्ट जी फारसं कोणी सांगत नाही, लाळ मोजून ठेवा. तासभर काही खायचं-प्यायचं नाही, ब्रश नाही, मग खुर्चीत ताठ बसून मान जरा पुढे, एकदा गिळून घ्यायचं आणि नंतर 5 मिनिटं न गिळता, न चघळता, लाळ आपोआप छोट्या कपात गळू द्यायची. कप आधी आणि नंतर काट्यावर ठेवा, दोन्ही वजनांतला फरक काढा, 1 ग्रॅम म्हणजे जवळपास 1 मिली, त्याला 5 ने भागा. मिनिटाला 0.1 मिलीपेक्षा कमी म्हणजे लाळ खरंच कमी आहे. तारीख घालून वहीत लिहा आणि रेडिएशन संपल्यावर दर दोन-तीन महिन्यांनी परत मोजा.

आता जीन थेरपी. रेडिएशनने लाळ बनवणाऱ्या पेशी मरतात पण नळ्यांच्या पेशी बऱ्याचदा टिकतात, त्या पेशींना पाण्याची वाट तयार करणारं अ‍ॅक्वापोरिन-१ चं जीन द्यायचं ही कल्पना. वरच्या दुसऱ्या दाढेसमोर गालाच्या आतल्या बाजूला जीभ फिरवली की एक बारीक उंचवटा लागतो, तिथे पॅरोटिडची नळी उघडते, तिच्यातूनच बारीक कॅथेटर घालून जीन वाहून नेणारा व्हायरस आत सोडतात, चिरफाड नाही. अमेरिकेच्या एनआयएच या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेत ब्रूस बॉम यांच्या टीमने 11 जणांना असं दिलं, 2012 मध्ये रिझल्ट आले, 6 जणांच्या ग्रंथीतून लाळ वाढलेली दिसली. नंतर मीराजीटीएक्स कंपनीने एएव्ही नावाचा वेगळा व्हायरस वापरून ट्रायल सुरू केल्या.

अशा ट्रायलबद्दल विचारायची वेळ रेडिएशनला काही वर्षं झाल्यावर, कॅन्सर परत आलेला नसताना येते. तेव्हा विचारा, प्लासिबो गट (ज्यांना खरं औषध न देता नुसतं दिसायला तसंच काही देतात) आहे का, एका ग्रंथीत देणार की दोन्ही, किती वर्षं फॉलोअप, आणि खर्च कोणाचा. ग्रंथीत थोडीही लाळ शिल्लक लागते का हेही विचारा. तिथे तुमच्याकडे जुना डोस प्लॅन मागू शकतात, तो डिस्चार्जच्या वेळीच कॉपी करून लाळेच्या वहीसोबत एकाच फाईलमध्ये ठेवा.