पडद्यावरची कोंडी खरी की कोडची?

सोलापूरच्या गड्डा यात्रेतल्या गर्दीचं सिम्युलेशन (संगणकावरची नक्कल) करणार असाल, तर मोफत मिळणारं नेटलोगो हे सॉफ्टवेअर पुरेसं आहे. प्रत्येक माणसाला दोन-तीनच नियम द्या: पुढे जागा असेल तर सरक, धक्का टाळ, पाळण्यांकडे वळ. ‘इथे कोंडी होईल’ असं कुठेही लिहायचं नाही. ती आपोआप उमटली तरच मॉडेलला अर्थ.

खरी मेख पुढे आहे. कोंडी दिसली की लगेच स्क्रीनशॉट काढू नका. रँडम सीड (ज्या आकड्यावरून संगणकाचे यादृच्छिक आकडे सुरू होतात तो) बदलत तेच मॉडेल निदान पन्नास वेळा चालवा (नेटलोगोमधलं बिहेवियरस्पेस हे साधन ते एका दमात करतं) आणि सरासरीवर न थांबता निकाल किती पसरलेत ते बघा. मग दर ‘टिक’ला (मॉडेलमधल्या वेळेच्या एका टप्प्याला) माणूस जेवढं अंतर सरकतो ते अर्धं करा, टिकांची संख्या दुप्पट. कोंडी गायब झाली? मग ती माणसांची नव्हतीच, तुमच्या कोडची होती. ही तपासणी बरेच जण टाळतात, कारण चित्र झकास दिसत असतं!

चालण्याचा वेगही वाढवून पाहा. अरुंद दारापाशी सगळेच घाई करू लागले की बाहेर पडायला उलट जास्त वेळ लागू शकतो, हे हेलबिंग, फार्कस आणि व्हिचेक या संशोधकांनी २००० साली सिम्युलेशनमधून दाखवलं. तुमच्या फाटकाशी तसं घडत नसेल, तर अंगाला अंग घासण्याचा नियम घातलाय का ते आधी तपासा.