ओव्हरक्लॉक केलेला संगणक का बंद पडतो, आणि दोष कसा शोधायचा

ओव्हरक्लॉक केलेला, म्हणजे कंपनीने ठरवलेल्या गतीपेक्षा जास्त गतीवर चालवलेला, संगणक अचानक बंद पडला की बहुतेकांचा हात आधी व्होल्टेजकडे जातो, आणि मदतीला आलेला मित्रही ‘थोडं वाढवून बघ’ एवढाच सल्ला देतो. हा सल्ला कधीकधी लागू पडतो. पण तो का लागू पडला हे कळत नाही, आणि लागू पडला नाही तर प्रोसेसर विनाकारण जास्त तापत राहतो. माझ्या मते अशा वेळी पहिला प्रश्न संगणक नेमका केव्हा पडतो हा असावा. सुरू होतानाच, भार येताच, अर्ध्या तासाने, की कोणी हातही लावलेला नसताना? या चार वेळांची कारणे बहुधा वेगवेगळी असतात, त्यामुळे वेळ नीट टिपली की निम्मे निदान झालेले असते.

त्यासाठी एक साधी वही करावी. तारीख, घड्याळातली वेळ, मल्टिप्लायर (प्रोसेसरची गती ठरवणारा गुणक), बायोसमध्ये (संगणक सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये) दिलेले व्होल्टेज, रॅमची गती, खोलीतले तापमान, त्या वेळी चालू असलेला प्रोग्रॅम आणि नेमके काय झाले, म्हणजे निळा पडदा आला, चित्र गोठले की तडक वीज गेल्यासारखे झाले, एवढे प्रत्येक वेळी लिहावे. एका वेळी एकच गोष्ट बदलावी. व्होल्टेज वाढवले, रॅम हळू केली आणि पंखाही बदलला, तर संगणक सुधारला तरी हाती काही लागत नाही. तपासणी सुरू करण्यापूर्वी महत्त्वाच्या फायलींची प्रत दुसऱ्या डिस्कवर काढून ठेवणे अत्यावश्यक आहे, कारण अस्थिर रॅम संगणक पाडण्याआधी कितीतरी वेळ गुपचूप चुकीची माहिती डिस्कवर लिहीत असू शकते.

दोष ओव्हरक्लॉकिंगचाच आहे का?

बायोसमध्ये जाऊन सर्व मूल्ये डिफॉल्टवर आणावीत आणि एक-दोन दिवस नेहमीचे काम करावे. येथे एक चूक हमखास होते: प्रोसेसर मूळ गतीवर आणला जातो, पण रॅमचे एक्सएमपी किंवा एक्स्पो प्रोफाइल (रॅमला पाकिटावरच्या गतीवर नेणारे तयार सेटिंग) चालूच राहते. पाकिटावर ३६०० लिहिलेली डीडीआर ४ रॅम प्रोफाइलशिवाय बहुधा २१३३ ते २६६६ च्या दरम्यान चालते. पाकिटावरचा आकडा गाठणे हेदेखील ओव्हरक्लॉकिंगच आहे आणि त्याचा भार प्रोसेसरमधल्या, रॅम सांभाळणाऱ्या मेमरी कंट्रोलरवर पडतो. त्यामुळे तेही बंद केल्याशिवाय ‘डिफॉल्टवर तपासले’ असे म्हणता येत नाही.

डिफॉल्टवरही संगणक पडत असेल तर रॅम, एसएमपीएस (संगणकाला वीज पुरवणारा डबा), एसएसडी, ड्रायव्हर आणि घरातली वीज हे संशयित आधी तपासावेत. इंटेलच्या १३व्या आणि १४व्या पिढीचे डेस्कटॉप प्रोसेसर वापरणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट पाहावी. काही परिस्थितींत या प्रोसेसरना गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मिळत असल्याचे कंपनीने २०२४ मध्ये जाहीर केले, त्याच वर्षी ऑगस्टपासून बायोसमार्फत सुधारित मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतला सूचनासंच) दिला आणि संबंधित प्रोसेसरची वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. हा मायक्रोकोड पुढचे नुकसान टाळतो, झालेले भरून काढत नाही. त्यामुळे असा प्रोसेसर मूळ गतीवरही डळमळत असेल तर बायोसमधले आकडे फिरवत बसण्यापेक्षा वॉरंटीचा दावा करणे शहाणपणाचे ठरते.

विजेचे म्हणाल, तर त्याचा धडा मला कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतल्या आमच्या घरीच मिळाला. प्रोसेसर ५.१ गिगाहर्ट्झवर आणून मी रात्रभर चाचणी लावून झोपत असे आणि सकाळी पाहावे तर संगणक पुन्हा सुरू होऊन लॉगिनच्या पडद्यावर थांबलेला असे. तीन रात्री मी व्होल्टेज वाढवत गेलो. चौथ्या दिवशी वहीतल्या वेळा एकाखाली एक वाचल्या: ५ वाजून ५२ मिनिटे, ५.४९, ५.५५. पुतण्या म्हणाला, ‘काका, ह्या टायमाला तर पाणी येतंय की!’ आई रोज नळाला पाणी आले की टाकीची मोटर लावते, आणि मोटर व संगणक एकाच जुन्या वायरिंगवर होते. मोटर सुरू होताना तिच्या नेहमीच्या प्रवाहाच्या कितीतरी पट प्रवाह ओढते आणि व्होल्टेज क्षणभर खाली बसते. आपल्याकडे विजेचे एक आवर्तन २० मिलिसेकंदांचे असते, तर पूर्ण भारावर असलेल्या एसएमपीएसकडून इनपुट गेल्यावर साधारण १६-१७ मिलिसेकंद तग धरण्याचीच अपेक्षा असते. दिवसा रिकामा असलेला संगणक हा झटका पचवत होता. पहाटे चाचणीच्या पूर्ण भारावर तो पचत नव्हता. संगणकासाठी स्वतंत्र लाइन आणि नीट अर्थिंग करून घेतल्यावर तेच ५.१ मूळच्या, कमी व्होल्टेजवर चालले. यूपीएस घेणाऱ्यांनीही लक्षात ठेवावे की स्वस्त यूपीएसची पायऱ्यापायऱ्यांची तरंगाकृती काही एसएमपीएसना मानवत नाही, आणि वीज गेल्यावर बॅटरीवर जाताना नेमका तेव्हाच संगणक बंद पडतो.

विंडोजच्या नोंदी

इव्हेंट व्ह्यूअरमधील सिस्टिम विभाग उघडला की कर्नल-पॉवर ४१ ही नोंद सर्वांना दिसते आणि सर्वजण तिच्यावरच दोष ठेवतात. प्रत्यक्षात ती ‘संगणक नीट बंद न होता पुन्हा सुरू झाला’ एवढेच सांगते. खरी कामाची नोंद व्हीया-लॉगर (WHEA-Logger) या नावाची; हार्डवेअरच्या चुका तिथे टिपल्या जातात. तिच्यातला क्रमांक १८ म्हणजे प्रोसेसरने स्वतः नोंदवलेली, न सावरता आलेली चूक. त्यात एपिक आयडी, म्हणजे चूक प्रोसेसरमध्ये नेमकी कुठे झाली त्याचा क्रमांक, दिलेला असतो. आठ कोअर (प्रोसेसरमधले स्वतंत्र काम करणारे भाग) आणि सोळा थ्रेडच्या (कामाच्या धारांच्या) एएमडी रायझेनवर दोन-दोन आयडी मिळून एक कोअर होतो, म्हणजे ६ किंवा ७ हा आकडा पुन्हा पुन्हा येत असेल तर शून्यापासून मोजता तिसरा कोअर कच्चा आहे असे समजावे. क्रमांक १९ ही सावरलेली चूक असते. संगणक पडत नाही, पण कामाचा वेग मात्र घटू शकतो. रायझेन ५००० मालिकेत इन्फिनिटी फॅब्रिक (प्रोसेसरचे आतले भाग जोडणारा मार्ग) १९०० मेगाहर्ट्झच्या वर नेल्यास या नोंदींची रांग लागलेली अनेकदा दिसते. निळ्या पडद्यावर व्हीया अनकरेक्टेबल एरर किंवा क्लॉक वॉचडॉग टाइमआउट आले तर संशय आधी प्रोसेसरच्या व्होल्टेजवर घ्यावा, मेमरी मॅनेजमेंट आले तर रॅमवर. ४१ आहे, पण त्याच्या आगेमागे व्हीयाची एकही नोंद नाही आणि पडदा तडक काळा झाला, तर माझ्या घरच्या मोटरीची आठवण ठेवून विजेचा मार्ग तपासावा. हे पक्के नियम नव्हेत; तपास कुठून सुरू करावा याच्या खुणा आहेत.

केव्हा पडतो त्यावरून काय समजावे

सुरू होतानाच अडत असेल, म्हणजे पंखे फिरतात पण चित्र येत नाही, तर बहुतेक वेळा रॅमची गती किंवा टायमिंग जमलेले नसते. डीडीआर ५ च्या बोर्डावर मात्र घाई करू नये, कारण नवीन सेटिंगनंतर मेमरी ट्रेनिंगला, म्हणजे बोर्डाने रॅमशी जुळवून घेण्याला, काही मिनिटे लागू शकतात आणि मधेच बटण दाबणारा स्वतःच गोंधळ वाढवतो. तरीही चित्र आले नाही, तर वीज पूर्ण काढून बोर्डावरील, बायोसची सेटिंग पुसणाऱ्या क्लिअर सीमॉसच्या पिना जोडाव्यात किंवा सीआर २०३२ सेल काही मिनिटे काढून ठेवावा.

विंडोज व्यवस्थित सुरू होते, पण रेंडरिंग किंवा चाचणी लावताच संगणक पडतो, हा सर्वांत जास्त दिसणारा प्रकार आहे आणि येथे व्होल्टेजचा विचार खरोखर करावा लागतो. मात्र बायोसमध्ये टाकलेल्या आकड्याचा नव्हे, तर भाराखाली प्रोसेसरला प्रत्यक्ष मिळणाऱ्या आकड्याचा. बायोसमध्ये १.३० व्होल्ट दिले आणि भार येताच ते १.२२ पर्यंत उतरले, तर प्रोसेसर १.२२ वरच काम करत असतो. ही उतरण बायोसमधल्या लोडलाइन कॅलिब्रेशन या सेटिंगने कमी करता येते. ते मधल्या पातळीवर ठेवावे. सर्वांत कडक पातळीवर ठेवले तर भार सुटताना व्होल्टेज क्षणभर ठरवल्यापेक्षा वर उसळते, आणि ही उसळी नेहमीच्या सॉफ्टवेअरला दिसतही नाही. एचडब्ल्यूइन्फो हा व्होल्टेज-तापमान दाखवणारा प्रोग्रॅम चालू ठेवून भाराखालचे किमान व्होल्टेज वहीत घ्यावे, मग ०.०१ ते ०.०२ व्होल्टच्या पायरीने वर जावे. दोन-तीन पायऱ्यांनंतरही फरक पडत नसेल तर गती १०० मेगाहर्ट्झने कमी करावी. याचे गणित सोपे आहे: प्रोसेसर खात असलेली शक्ती ढोबळमानाने गती गुणिले व्होल्टेजचा वर्ग या प्रमाणात वाढते. म्हणजे ५.० वरून ५.१ गिगाहर्ट्झ गाठण्यासाठी व्होल्टेज १.२५ वरून १.३५ करावे लागत असेल, तर वेग वाढतो २ टक्के आणि उष्णता सुमारे १९ टक्के. हा सौदा मला तरी परवडणारा वाटत नाही.

वीस-तीस मिनिटे ठीक चालून मग पडणारा संगणक उष्णतेकडे बोट दाखवत असतो. नुसते तापमान मर्यादेला भिडले तर आधुनिक प्रोसेसर पडत नाही, स्वतःची गती कमी करतो. इंटेलच्या बहुतेक डेस्कटॉप प्रोसेसरची ही मर्यादा १०० अंश आहे आणि रायझेन ७००० मालिकेतील बहुतेकांची ९५. पण तापलेल्या सिलिकॉनला तीच गती सांभाळायला अधिक व्होल्टेज लागते, म्हणून थंड असताना काठावर टिकलेले सेटिंग तापल्यावर कोसळते. प्रोसेसरचे तापमान आटोक्यात असूनही असे होत असेल तर मदरबोर्डवरील व्हीआरएमचे, म्हणजे प्रोसेसरला व्होल्टेज पुरवणाऱ्या भागाचे, तापमान पाहावे. वॉटर कूलर बसवल्यावर त्या भागावरून वाहणारी पंख्याची हवा बंद होते, हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. कोल्हापुरात याला ऋतूचीही जोड आहे. जानेवारीतल्या रात्री २० अंशांच्या खोलीत जो प्रोसेसर ८४ वर थांबतो, तोच एप्रिलच्या दुपारी ३५ अंशांच्या खोलीत त्याच कूलरवर ९९ च्या घरात जातो, म्हणून हिवाळ्यात ‘स्टेबल’ ठरवलेले सेटिंग उन्हाळ्यात पुन्हा तपासलेच पाहिजे. उद्यमनगरातल्या कारखान्यांत लेथ किंवा ग्राइंडरच्या शेजारी संगणक ठेवणाऱ्यांनी कॅबिनेट वरचेवर साफ करावे, कारण तिथली धूळ लोखंडाच्या किसाची असते. ती हवा तर अडवतेच, शिवाय बोर्डावर साचली तर शॉर्ट होण्याचा धोका राहतो.

सर्वांत फसवा प्रकार म्हणजे भारावर तासन्तास टिकणारा, पण चहा घेऊन येईपर्यंत रिकामा असतानाच बंद पडलेला संगणक. रायझेनमध्ये कर्व्ह ऑप्टिमायझर या, एकेका कोअरचे व्होल्टेज कमी-जास्त करणाऱ्या सेटिंगला मोठे उणे आकडे दिले की हे हमखास घडते. सर्व कोअर राबत असताना गती कमी असते आणि म्हणून व्होल्टेज पुरते. एकच कोअर क्षणभर जागा होऊन सर्वोच्च गतीवर झेपावतो तेव्हा ते अपुरे पडते. यासाठी कोअरसायकलरसारखी, एकेका कोअरला आळीपाळीने भार देणारी चाचणी रात्रभर चालवावी. जो कोअर चुकेल त्याचाच उणे आकडा, म्हणजे उणे २५ असेल तर उणे २०, असा कमी करावा आणि बाकीच्यांना हात लावू नये. बोर्डाने स्वतः निवडलेले सर्वोत्तम कोअर बहुधा कमी उणे आकडा सहन करतात, कारण त्यांना आधीच सर्वांत वरच्या गतीवर धावायचे असते.

चाचणी किती आणि कोणती

प्राइम ९५ हा प्रोग्रॅम मुळात मर्सेन प्रकारच्या मूळ संख्या शोधण्यासाठी बनलेला आहे, त्यामुळे त्याला प्रत्येक उत्तर आधीच्या ज्ञात उत्तराशी ताडून पाहता येते. ‘राउंडिंग ०.५ आले, ०.४ पेक्षा कमी अपेक्षित होते’ अशा अर्थाचा संदेश देऊन एखादा वर्कर (चाचणीचा एक भाग) थांबला, तर संगणक सुरू असला तरी तो हिशेबात चुकला आहे आणि सेटिंग अस्थिरच धरावे. स्मॉल एफएफटी हा प्रकार प्रोसेसर तापवतो, लार्ज एफएफटी मेमरी कंट्रोलर आणि रॅमला ताण देतो. नुसत्या रॅमसाठी पेनड्राइव्हवरून मेमटेस्ट ८६ चालवावे, आणि त्यात एक जरी चूक आली तरी ‘एकच आहे’ म्हणून सोडून देऊ नये. रॅमचा दोष सापडून दुरुस्त झाला की कमांड प्रॉम्प्टमधून सिस्टिम फाइल चेकर चालवून विंडोजच्या फायली तपासाव्यात, नाहीतर आधी बिघडलेली फाइल पुढेही संगणक पाडत राहते आणि आपण निर्दोष सेटिंगवर संशय घेत बसतो.

एएमडीच्या एएम ५ सॉकेटवर रॅमची गती वाढवताना एसओसी व्होल्टेज (मेमरी कंट्रोलरला मिळणारे व्होल्टेज) ऑटोवर सोडले असेल तर ते एकदा डोळ्यांनी पाहावे. २०२३ मध्ये रायझेन ७००० एक्स ३डी मालिकेतील काही प्रोसेसर जळाल्यानंतर हे व्होल्टेज नव्या बायोसमध्ये १.३ व्होल्टपर्यंत मर्यादित करण्यात आले. तेव्हाचा जुना बायोस असलेला बोर्ड असेल तर आधी अपडेट करावे आणि मगच पुढचे काम.

शेवटी जे सेटिंग सर्व चाचण्यांत टिकले, त्याच्याखाली ५० ते १०० मेगाहर्ट्झ उतरून रोजचे काम करावे आणि ते बायोसमध्ये प्रोफाइल म्हणून जतन करावे. बायोस अपडेट केल्यावर ही प्रोफाइले पुष्कळ बोर्डांवर पुसली जातात, म्हणून प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवावा, आणि नव्या बायोसवर तेच आकडे टाकले तरी एक रात्र चाचणी पुन्हा लावावी.